खांद्यावरची चार बोटं

शालन, तुझे चहाचे चाळीस मग ओटीवर सतरंजी घालून मांडून ठेवलेत. उद्या तुझं तेरावं. हे मग आलेल्या माणसांना वाटायचे की परत खोक्यात भरून माळ्यावर टाकायचे, ते मी अजून ठरवलेलं नाही. तू ठरवून गेलीस. मला न विचारता.

मला लिहायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे. चौथी झाली आणि माझं दप्तर धाकट्या भावाच्या खांद्यावर गेलं. पण भांडायचं तर समोर माणूस लागतं, आणि तू आता नाहीस. विजयशी बोलायला जावं तर तो आत्या आत्या करून डोळे पुसतो. एवढा मोठा मुलगा माझा, मुंबईत चाळीस माणसांवर हुकूम चालवतो, आणि इथे येऊन नाक पुसतो. म्हणून कागदाशी भांडते.

सुरुवातीपासून सांगते. तुला सोयीचं तेवढंच लक्षात राहायचं.

मुंबईचा फोटो स्टुडिओ बंद झाला आणि तू बासष्टाव्या वर्षी पोलादपूरला माहेरी परत आलीस. तुझा भाऊ जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरात मी एकटी. दोन बॅगा आणि एक खोका घेऊन तू एसटीतून उतरलीस. मला वाटलं, नणंदबाईंनी वहिनीला मिक्सर आणला. उघडून बघते तर लोखंडाचा एक जबडा, मधे गोल खोबण, बाजूला आकडे उमटणारी पेटी.

"हे काय गो?"

"मग भाजायचं मशीन."

"मग भाजलेलाच येतो ना दुकानात?"

"त्याच्यावर फोटो भाजायचा, वहिनी. पाचाडला गडावर एवढी माणसं येतात, त्यांना घरी न्यायला काय तरी नको? नि लग्नं हायत, वाढदिवस हायत, रिटायर होणारे मास्तर हायत."

"या वयात धंदा करणार तू? लोक हसतील."

"हसू दे. हसतानाचे फोटो बरे येतात."

मुंबईत चाळीस वर्षं काढूनही तुझं बोलणं इथलंच राहिलं होतं. मधूनमधून फक्त "टेन्शन नको घेऊ" एवढं घुसायचं.

पहिली ऑर्डर नाते गावच्या शाळेची. गुरुजी निवृत्त होत होते, त्यांच्या फोटोचे चोवीस मग हवे होते. तू सांगितलं होतंस की साधे मग चालत नाहीत, या मगांवर डोळ्यांना न दिसणारा लेप असतो आणि रंग त्या लेपात मुरतो. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तू दुपारी आडवी झालीस आणि मी ते चोवीस मग मोरीत नेले. नवं भांडं न घासता वापरायचं हे माझ्या हातून आजवर झालेलं नाही. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, आणि एकेक मग असा घासला की लख्ख.

संध्याकाळी भाजून काढले. चोवीस मगांवर चोवीस गुरुजी, आणि प्रत्येकाच्या तोंडावर पांढरे ओरखडे. लेप मी खरवडून टाकला होता. मला वाटलं तू आता मला बोलशील. तू एक मग हातात घेऊन जमिनीवर बसलीस आणि हसतच सुटलीस. "मांजरीने ओरबाडलंय गो गुरुजींना!" हसता हसता तुला ठसका लागला, मी पाठीत चार धपाटे घातले, त्यातला एक जरा जोरातच होता.

दुसरे मग येईपर्यंत उशीर होणार होता. ते सांगायला नात्याला मी स्वतः गेले, कारण चूक माझी होती. पुरावा म्हणून एक मग नेला होता. गुरुजींनी तो हातात धरला, इकडून तिकडून बघितला. म्हणाले, "आजी, हा मी ठेवतो. पस्तीस वर्षं पोरांनी असंच ओरबाडलंय मला."

त्या दिवसापासून कामं वाटली गेली. कॉम्प्युटर तुझा, मशीन माझं. तू म्हणालीस, तुला त्या तापलेल्या लोखंडाची भीती वाटते. मला कसली भीती? मी जन्मभर चुलीवरचा तवा हाताने उतरवला आहे. मग कोरड्या फडक्याने पुसायचा. छापलेला कागद त्याला गुंडाळायचा, तो कुठे फुगू द्यायचा नाही. चिकटपट्टी ओढून लावायची, सैल नको. मशीन एकशे ऐंशीवर गेलं की मग आत घालायचा, जबडा मिटायचा, शिट्टी वाजेपर्यंत हात लावायचा नाही. काढला की गरम असतानाच कागद एका झटक्यात सोलायचा. आठवड्यात माझा हात बसला. तूच म्हणालीस, स्टुडिओतल्या पोरांना महिना लागायचा.

कागदावर सगळं उलटं छापलेलं असतं, मगावर ते सुलटं होतं. मला ती उलटी नावं वाचता यायला लागली. तू म्हणालीस, "वहिनी, हे कसं जमलं?" मी म्हणाले, "सुलटं वाचायलाही मला तेवढाच वेळ लागतो. मला काय फरक?"

आणि कागदावर रंग कसे मरगळलेले दिसायचे, आठवतं? नवरीसुद्धा कागदावर फिकट दिसायची. मी पहिल्यांदा म्हणाले होते, "कागदावर सगळी माणसं आजारी दिसतात गो." तू म्हणालीस, "भाजली की बरी होतात."

पाचाडची पहिली खेप आपण दोघींनी मिळून नेली. मग विकायला ठेवणाऱ्या तिथल्या हॉटेलवाल्याने खोका उघडून ते बघितले, खूश झाला, आणि म्हणाला, थांबा, तुमचाच फोटो काढतो. त्याच्या दाराच्या पायरीवर उभ्या राहिलो. माझा गुडघा ऐन वेळी वाकला आणि मी तुझा खांदा धरला. फोटोत लोकांना प्रेम दिसतं. प्रेमाचा काही संबंध नव्हता, माझा तोल गेला होता. या फोटोचं पुढे सांगते.

आता आपलं मोठं भांडण. महाडचा तो माणूस आईच्या पंच्याहत्तरीसाठी घरचा जुना फोटो घेऊन आला होता. भावाशी बोलणं नव्हतं, भावाला फोटोतून काढा म्हणाला. मी मशीनजवळून म्हणाले, "आईच्या मगावरून मुलगा पुसायचा? हे काम मी भाजणार नाही." तू मला गप्प केलंस. तो गेल्यावर खुर्ची ओढून कामाला बसलीस आणि मला शिकवल्यासारखं सांगितलंस, "माणूस काढायला वेळ लागत नाय, वहिनी. त्याचं बोट रवतं कुठेतरी. खांद्यावर, नायतर कुणाच्या पदरावर. नवशिके माणूस काढतात नि बोट विसरतात. ते आधी शोधायचं."

तू ते बोट शोधलंस, पुसलंस, आणि तिथे पदराची घडी अशी बसवलीस की त्या आईलाही कळलं नसेल. तो मग तू स्वतः भाजलास आणि गिऱ्हाइकाला दिलास. आपण दोन दिवस बोललो नाही. तेव्हा कळलं की तुला मशीनची भीती वगैरे काही नव्हती. तरी मी तो विषय सोडला. मला वाटलं, माझ्या हाताला काम मिळावं म्हणून भीतीचं सोंग केलंस. बरं वाटलं मला तेव्हा. आता त्याच सोंगाचा संताप येतो, कारण तुला सोंग जमतं हे मी त्याच वेळी ओळखायला हवं होतं.

गेल्या पावसाळ्यात तुला माझ्या गुडघ्यांची फार काळजी वाटायला लागली. "दर मंगळवारी सवला जा, वहिनी. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बस तासभर. तुझं ते उठणं-बसणं बघवत नाय मला." मी नको म्हणत होते. इथून महाडपर्यंत एसटी, पुढे सहाआसनी रिक्षा, अख्खा दिवस जातो. तू ऐकेनास. डबा भरून द्यायचीस, पिशवीत टॉवेल ठेवायचीस, दारात उभी राहून मी वळणापर्यंत जाईस्तोवर बघायचीस. मी कुंडावर शेजारी बसलेल्या बायकांना सांगायचे, माझी नणंद म्हणजे सख्ख्या बहिणीच्या वर आहे. सगळ्यांसमोर सांगायचे, मोठ्याने.

एकदा सवहून परत आले तर मशीन कोमट होतं. "काय भाजलंस?" विचारलं. "काय नाय, चालतंय का बघितलं." दुसऱ्यांदा कोमट लागलं तेव्हा विचारलंही नाही.

तू बारीक होत होतीस. जेवण अर्धं टाकायचीस, पित्त म्हणायचीस. एका सकाळी खिडकीच्या उजेडात तुझं तोंड बघून मी म्हणाले, "अगो, तू अगदी छापलेल्या कागदासारखी दिसतेस." तू हसलीस. मीही हसले. ते हसणं मला आता गिळता येत नाही. मी बघितलं होतं, शालन. बघून विनोद केला आणि मशीन लावलं.

शेवटचे चार दिवस महाडच्या दवाखान्यात. मी उशाशी बसून होते. तुला बोलायला वेळ होता, शुद्ध होती, मी होते. तू काय बोललीस? "मशीनचं बटण बंद केलंस ना?" मी हो म्हणाले. झालं. एवढंच घेऊन मी घरी आले.

तिसऱ्या दिवशी समाचाराला माणसं आली, चहाला कप कमी पडले. माळ्याखाली एक खोका होता, वर तुझ्या अक्षरात "पाचाड, पुढची खेप" लिहिलेलं. म्हटलं, त्यातले मग काढावेत, धुऊन परत ठेवू. पहिल्याच मगाचा कागद सोडला आणि त्यावर तू. खाली दोन शब्द: "कै. शालन." तारीख नाही. तारीख तेवढी तुला ठाऊक नव्हती.

आपल्याकडे तेराव्याला आलेल्याच्या हातावर वाटी ठेवतात, गेलेल्याचं नाव घातलेली. तू स्वतःच्या वाट्या स्वतः करून ठेवल्यास. जिवंतपणी स्वतःच्या नावामागे कै. लावलंस, आणि संध्याकाळी मी परत आल्यावर मला विचारलंस, "भाजी कसली करूया?"

माणसं गेल्यावर मी सगळे मग सोडले. प्रत्येक मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. मी वार वाचला. मंगळवार. दुसरा, मंगळवार. सगळे मंगळवारचे. मी सवच्या कुंडात पाय सोडून तुझे गोडवे गात होते तेव्हा तू दार लावून स्वतःला भाजत होतीस. कधी दोन मग, कधी तीन, शेवटी शेवटी एकच.

तारखांप्रमाणे मी ते ओळीने मांडले. दवाखान्याचे कागद मला वाचता येत नाहीत, मग वाचता येतात. गणपतीच्या आधीचे अगदी नेटके, मीही त्याहून बरे काढले नसते. दसऱ्यापासून कडेला रंग कमी, म्हणजे कागद नीट दाबला गेला नाही. दिवाळीनंतर चित्र दुहेरी व्हायला लागलं. कागद हलला की तसं होतं, नाकाला दुसरं नाक चिकटतं. चिकटपट्टी ओढून लावायला बोटांत जोर लागतो, तो तुझ्यात राहिला नव्हता. संक्रांतीनंतरच्या शेवटच्या मगावर तुला चार डोळे आहेत. चाळीसमध्ये अकरा दुहेरी. तुझं दुखणं कसं वाढत गेलं ते मला असं कळलं, सतरंजीवर, तू गेल्यावर.

विजयला मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

तो खाली बघायला लागला. "आत्याने शपथ घातली होती, आई. मुंबईला तपासायला मीच नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय."

"मला तेव्हा सांगितलं होतंत, मुंबईत जुन्या मैत्रिणीच्या नातवाचं बारसं आहे. कोणाची शपथ घातली?"

"तुझी."

मला न सांगायला माझीच शपथ. दुसरी कोणाची नाही सापडली तुला.

आणि फोटो. पायरीवरचा तोच फोटो घेतलास, पाचाडचा. आपल्या दोघींचा तो एकच धड फोटो. त्यातून तू मला काढलंस. त्या महाडवाल्याच्या भावाला काढलंस तसं. मी होते तिथे आता भिंत आहे. माझं एवढंच राहिलंय, तुझ्या डाव्या खांद्यावर चार बोटं. शेवटचं बोट वाकडं, विळ्याने कापलं होतं ते. माझीच आहेत, नाकारायला जागा नाही.

स्टुडिओत चाळीस वर्षं तू लोकांची बोटं पुसलीस. नवशिके विसरतात म्हणालीस. तू नवशिकी नव्हतीस, आणि पहिला मग काढलास तेव्हा तुझा हात थरथरतही नव्हता. ती बोटं तू विसरलीस म्हणू, की ठेवलीस म्हणू? विजय म्हणतो, "आई, मुद्दाम ठेवली असतील गं, तुझी आठवण म्हणून." त्याला असं गोड बोलायला येतं. मला तू हवी आहेस, उत्तर द्यायला. अख्खी वहिनी कापायची आणि बोटं ठेवायची, याला काय म्हणतात ते तू सांगायचं होतंस. सांगायला तुझ्याकडे अर्धं वर्ष होतं. दर मंगळवार सोडून बाकी सहा वार मी घरातच होते.

परवा मी रागाने महाडला गेले. म्हटलं, तुझे मग तुझ्यापाशी, मी रीतीप्रमाणे वाट्याच वाटणार. भांड्यांच्या दुकानात वाट्या निवडल्या. नाव कोरणारा मशीन हातात घेऊन बसला होता.

"नाव काय घालू, आजी?"

"शालन."

"पुढे? आडनाव?"

माझ्या तोंडात तुझ्या सासरचं आडनाव आलं. जे घर सोडून तुला सत्तेचाळीस वर्षं झाली, त्या घराचं. एकोणिसाव्या वर्षी अंगावर वळ घेऊन तू इथे परत आलीस, तेव्हा याच ओटीवर मी तुला म्हणाले होते, "परत जा. लग्न झालेल्या मुलीचं घर तिकडेच." तू गेलीस, पण मुंबईला. ते आडनाव तू नंतर कुठेच लावलं नाहीस, आपल्या धंद्याच्या पाटीवरसुद्धा नाही. माहेरचंही लावलं नाहीस. आणि मी दुकानात उभी राहून तेच बोलायला निघाले होते, कारण रीत तशी आहे.

"आजी, बोला, मागे माणसं हायत."

मी पिशवी उचलली आणि बाहेर आले.

एसटीत मला कळलं की तू हे सगळं स्वतः का केलंस. तुला भीती होती की मी तुझ्या नावापुढे ते नाव लावीन. भीती खरी होती. मी लावलंच असतं, खोटं कशाला लिहू? तुझा माझ्यावर भरवसा नव्हता, आणि तो नसावा असं मी एकदा वागले होते. पण एकदा, शालन. त्यानंतर मी तुझी वाट बघितली, तुझ्या हाताखाली काम शिकले, तुझं पथ्याचं केलं. ते एकदाचं तू पोटात धरून बसलीस आणि मला कुंडावर पाठवलंस. "वहिनी, माझं आडनाव घालू नकोस" एवढं म्हणायचं होतं. मी भांडले असते, अबोला धरला असता, आणि तिसऱ्या दिवशी तुझे चाळीस मग मीच भाजले असते. एकही दुहेरी निघाला नसता.

माझे गुडघे मात्र बरे झालेत. तेही तुझ्यामुळेच, हे लिहायला नको वाटतं. जिना आता मी कठडा न धरता चढते. दर वेळी चढताना तुझा राग येतो.

तर ठरलं. उद्या मग वाटणार. आडनाव नाही, तारीख नाही, तू ठेवलेस तसेच. आणि चाळीसच्या चाळीस, दुहेरी धरून. गिऱ्हाइकाला दुहेरी मग द्यायचा नाही हा तुझा नियम, ते सगळे आपल्याच फळीवर यायचे. उद्या ते लोकांच्या हातात जाणार. कोणी विचारलं, हा असा का, तर सांगीन, हिने स्वतः भाजलाय, हिचे हात कापत होते, आणि घरातल्याच माणसाला हिने हाक मारली नाही. विजय म्हणतो, आई, चार माणसांत असं नको बोलू. बोलणार.

आणि कोणी विचारेल, खांद्यावर हात कोणाचा? सांगीन, माझा. पायरीवर माझा तोल गेला होता. ही तेव्हा हलली नव्हती.